मॉर्गन डॉलर काळा पडलाय म्हणून घासायला घेऊ नका

तुमच्या प्रश्नाचा सारांश आधी मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडील १९७० च्या आसपास टेक्सासला आले. पगारातून थोडे थोडे बाजूला काढून त्यांनी मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेची जुनी चांदीची डॉलर नाणी, घेतली. ते गेल्यावर कपाटात बिस्किटांच्या डब्यात आठ नाणी निघाली. १८८२ चं सीसी (सालापुढची सीसी, एस, ओ ही अक्षरं म्हणजे टांकसाळीची चिन्हं) हे कडक प्लास्टिकच्या काळ्या चौकटीत आहे. बाकीची सुटी: १८७८ (टांकसाळीचं चिन्ह नाही), १८८१ एस, १८८२ ओ, १८८८ ओ, १९०० ओ आणि १९२१ ची दोन. काही काळी पडली आहेत, मऊ प्लास्टिकच्या पाकिटातली दोन हिरवट-चिकट झाली आहेत आणि १८८१ एस तुमच्या नणंदेने टूथपेस्टने घासून चकचकीत केलंय. यात दुर्मीळ ‘व्हॅम’ आहे का आणि उरलेली कशी साफ करायची, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

मी न्यू जर्सीत राहतो. गेली चोवीस वर्षं मॉर्गन डॉलर हाताळतोय, त्यातही मुख्यतः डाय व्हरायटी, म्हणजे नाणी पाडायच्या साच्यांतल्या (डाय) फरकांमुळे झालेले प्रकार. त्या अनुभवावरून सांगतो की हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. व्हरायटी ओळखायच्या खुणा नाण्याच्या पृष्ठभागावर असतात, काही तर केसाच्या दशांशाइतक्या उंचीच्या. घासलं की आधी त्याच जातात. म्हणून ओळख पटेपर्यंत एकही नाणं धुऊ नका. फडक्याने पुसूही नका.

आता ‘व्हॅम’ म्हणजे काय. लेरॉय व्हॅन ॲलन आणि ए. जॉर्ज मॅलिस या दोघांनी मॉर्गन आणि त्यानंतरच्या पीस डॉलरच्या डायचा एकेक करून अभ्यास केला आणि प्रत्येक डाय-जोडीला क्रमांक दिला. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून व्हॅम हे नाव पडलं. थोडक्यात, प्रत्येक मॉर्गन डॉलर कुठला ना कुठला व्हॅम असतोच. त्यातले बहुतेक साधे असतात, त्यांना चांदीपेक्षा आणि त्या सालाच्या नेहमीच्या भावापेक्षा जास्त किंमत नाही. मोजके मात्र असे आहेत की त्यांच्यासाठी माणसं वर्षानुवर्षं नाणेमेळे पालथे घालतात.

एकाच सालाच्या नाण्यांत फरक पडतो तो कामाच्या पद्धतीमुळे. मूळ चित्राचा उठाव असलेला पोलादी ठसा म्हणजे हब. ते पोलादावर दाबलं की उलटी, खोलगट डाय तयार होते आणि त्या डायखाली चांदीची चकती दाबली की नाणं. हब एका दाबात पूर्ण उमटत नसे. डाय तापवून मऊ करायची आणि पुन्हा दाबायची. दुसऱ्या वेळी ती जराशी सरकली की चित्र दुहेरी. यालाच डबल्ड डाय म्हणतात. सगळ्या डाय फिलाडेल्फियात बनत आणि न्यू ऑर्लिन्स (ओ), सॅन फ्रान्सिस्को (एस), कार्सन सिटी (सीसी) इथे पाठवल्या जात. टांकसाळीचं अक्षर मात्र प्रत्येक डायवर हाताने ठोकलं जाई. हाताचं काम म्हटलं की अक्षर कधी तिरकं, कधी वर, कधी दोनदा ठोकलेलं. हे चिन्ह मागच्या बाजूला, पानांच्या हाराची गाठ आहे तिच्या खाली बघायचं.

एक नियम पाठ करा: डायवर जे खोल गेलं ते नाण्यावर उंच येतं. डायला तडा गेला की नाण्यावर बारीक उंच रेघ येते. नाण्यावर खोल रेघ असेल तर तो नंतरचा ओरखडा, त्याचा डायशी संबंध नाही. नवशिक्यांचे निम्मे गोंधळ इथेच मिटतात.

आता तुमची नाणी.

सगळ्यात आधी १८७८. माझा जीव अडकलाय तो याच्यात. जॉर्ज टी. मॉर्गनच्या पहिल्या आराखड्यात गरुडाच्या शेपटीला आठ पिसं होती. ११ मार्च १८७८ ला फिलाडेल्फियात नाणी पाडायला सुरुवात झाली आणि साधारण साडेसात लाख नाणी आठ पिसांची निघाली. मग टांकसाळीने उठाव कमी करून पिसं सात करायचं ठरवलं, आधीच्या अमेरिकन नाण्यांवर गरुडाची पिसं विषम असत म्हणून. पण बनवून ठेवलेल्या आठ पिसांच्या डाय वाया घालवायच्या नव्हत्या. त्यांच्यावरच सात पिसांचं हब पुन्हा दाबलं. परिणामी काही नाण्यांवर सात पिसांच्या खालून आधीच्या पिसांची टोकं डोकावतात. यालाच ‘आठवर सात’ म्हणतात.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगतो. खोलीत अंधार करा, टेबलावर एकच दिवा ठेवा. नाणं कडेने धरा, अंगठा आणि तर्जनी फक्त कडेवर. खाली मऊ कापड असू द्या, हातातून सुटलं तर वाचेल. सात ते दहा पट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याजवळ धरा आणि नाणं भिंगाकडे आणा, भिंग नाण्याकडे नेऊ नका. शेपटीची पिसं मोजा. आठ भरली तर झालं. सात भरली तर प्रत्येक पिसाच्या टोकाखाली, शेपटी आणि हाराच्या मधल्या मोकळ्या जागेत बघा आणि नाणं हळूहळू दिव्याच्या दिशेने कलवा. एखाद्या कोनात तिथे छोटी, बोथट, नखाच्या टोकासारखी सावली उठते आणि कोन बदलला की विरते. ठळक प्रकारात अशी टोकं बरीच दिसतात, अस्पष्ट प्रकारात एखाद-दोन, त्यामुळे चटकन हरखू नका आणि चटकन सोडूही नका. या टोकांवर चांदीचा काळपटपणा साचलेला असतो, म्हणूनच ती दिसतात. पॉलिश केलेल्या नाण्यावर तीच टोकं शोधताना डोळे दुखतात.

टोकं नसतील, नुसती सात पिसंच असतील, तर उजवीकडच्या बाणांकडे वळा. सगळ्यात वरच्या बाणाचं पीस दांड्याला समांतर असेल तर तो ‘१८७८ चा रिव्हर्स’ (रिव्हर्स म्हणजे मागची बाजू), तिरकं असेल तर ‘१८७९ चा रिव्हर्स’. पहिल्यात गरुडाची छाती सपाट, दुसऱ्यात गोलसर. हा फरक १८७९ एस आणि १८८० सीसी यांनाही लागू पडतो, कारण जुन्या रिव्हर्सच्या काही डाय तिथे पुढच्या वर्षांत वापरल्या गेल्या.

१८८२ ओ मध्ये शोधायचं ते ‘ओ खाली एस’. एससाठी ठोकलेल्या डायवर पुन्हा ओ ठोकला गेला. ओच्या पोकळीत भिंगातून तिरकी उंच पट्टी दिसली तर ती एसची मधली रेघ. नुसता मळ आणि ही पट्टी यांत गफलत होते. मळ मऊ दिसतो, त्याच्या कडा धूसर असतात. धातूची पट्टी प्रकाशात चमकते आणि नाणं फिरवलं तरी जागा सोडत नाही.

१८८८ ओ मध्ये जी प्रसिद्ध व्हरायटी आहे तिला इथले लोक ‘हॉट लिप्स’ म्हणतात. दर्शनी बाजूच्या डायमध्ये लिबर्टीचा, म्हणजे नाण्यावरच्या स्त्रीचा, चेहरा दोनदा उमटलाय: ओठ, नाक, हनुवटी दुहेरी. त्याला भिंगही लागत नाही. ओठांच्या पुढे दुसऱ्या ओठांची जोडी उघड्या डोळ्यांनी दिसते. याच सालाची दुसरी व्हरायटी ‘स्कारफेस’. तीत डायला गेलेला तडा लिबर्टीच्या चेहऱ्यावरून मानेपर्यंत उंच रेघेसारखा उतरतो. दोन्ही मिळवायला लोक धडपडतात. तुमच्याकडे असतीलच असं नाही, पण दोन मिनिटं बघण्यात जातं काय?

‘दुहेरी’ दिसलं की एका फसव्या गोष्टीपासून सावध राहा. नाणं पाडताना डाय किंचित सैल असेल तर दाब सुटताना ती थरथरते आणि अक्षरांच्या कडेला सपाट पायरीसारखा भाग तयार होतो. याला मशीन डबलिंग म्हणतात, त्याला काडीची किंमत नाही. खऱ्या डबल्ड डायमध्ये दोन्ही प्रतिमा गोलसर, उठावदार असतात आणि अक्षरांच्या टोकाला मध्ये खाच पडून दोन टोकं दिसतात. मशीन डबलिंगमध्ये मूळ अक्षर चेपून बारीक झालेलं असतं. शंभरातली नव्वद ‘मला डबल्ड डाय मिळाली’ अशी छायाचित्रं मी पाहतो ती मशीन डबलिंगचीच असतात.

१९०० ओ मध्ये ‘ओ खाली सीसी’ शोधा. कार्सन सिटीत नाणी पाडणं १८९३ मध्ये थांबलं आणि १८९९ मध्ये तिचा टांकसाळ म्हणून दर्जाही गेला. तिच्या उरलेल्या रिव्हर्स डायवर ओ ठोकून त्या न्यू ऑर्लिन्ससाठी वापरल्या. ओच्या डाव्या-उजव्या बाजूला सीच्या वक्र कडांचे अवशेष दिसतात. याचे अनेक व्हॅम आहेत, काहींत सी अगदी ठळक.

पण १९०० ओ मध्ये अक्षर नेहमीपेक्षा बारीक दिसलं तर आनंद आवरा. १८९६, १९०० आणि १९०२ ची ‘मायक्रो ओ’ नाणी एकेकाळी दुर्मीळ व्हरायटी म्हणून मोठ्या भावाने विकली जात. तीन वेगवेगळ्या सालांच्या या नाण्यांवर मागची डाय मात्र एकच असल्याचं अभ्यासकांच्या लक्षात आलं, तिच्यावरचे तेच ते दोष. सरकारी टांकसाळीत इतक्या वर्षांनी तीच डाय येणार कुठून? ती त्या काळातली बनावट नाणी ठरली आणि २००५ मध्ये पीसीजीएस या नाणी तपासून प्रमाणित करणाऱ्या कंपनीने त्यांना खरी म्हणून प्रमाणित करणं थांबवलं. १८९९ ची मायक्रो ओ मात्र अस्सल आहे. डाय अभ्यासाचा हा उपयोग मला किमतीपेक्षा मोठा वाटतो. पृष्ठभागावरचे ते सूक्ष्म दोष घासून गेले असते तर ही फसवणूक पकडताच आली नसती.

१९२१ च्या दोन नाण्यांबद्दल फार बोलत नाही. १९१८ च्या पिटमन कायद्याखाली २७ कोटींवर डॉलर वितळवले गेले आणि १९२१ मध्ये पुन्हा नाणी पाडायची वेळ आली तेव्हा नवी हब करावी लागली. ती उथळ निघाली, नाणीही सपाट दिसतात. एकट्या फिलाडेल्फियाने साडेचार कोटींच्या आसपास पाडली. व्हॅम यातही आहेत, पण तुमचा वेळ आधी १८७८ वर घालवा.

१८८२ सीसीची काळी चौकट अजिबात उघडू नका. सरकारी तिजोरीत पडून राहिलेले कार्सन सिटीचे डॉलर जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे जीएसए, या खात्याने १९७२ पासून टपालाने बोली मागवून विकले. तुमच्या वडिलांनी तेव्हाच घेतलं असणार. त्या काळात आलेल्या बऱ्याच मराठी मंडळींनी अशी एक-दोन घेऊन ठेवलेली मी पाहिली आहेत. आज ती चौकट हा नाण्याच्या इतिहासाचा भाग आहे. मूळ डबा आणि कार्ड सापडलं तर तेही जपा. चौकट न फोडता एनजीसी ही पीसीजीएससारखीच कंपनी ते नाणं तपासून प्रमाणित करते.

सुट्या नाण्यांचं वजन मात्र करून घ्या. मॉर्गन डॉलर २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर, ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांबं. झिजलेलं नाणं थोडं कमी भरेल. एखादं एक-दोन ग्रॅमने कमी किंवा जास्त भरलं, किंवा लोहचुंबकाला चिकटलं, तर ते बनावट समजा.

आता साफसफाई. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. वर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर बसतो. हा थर म्हणजे घाण नाही, धातूच बदललेला आहे. तो काढायचा म्हणजे धातूचा पातळ पापुद्रा काढायचा. आपल्या घरी देवाची भांडी चिंच, रिठा, राख, पितांबरी लावून लख्ख करायची सवय आहे आणि भांड्यांसाठी ती योग्यच आहे. नाण्याचं गणित वेगळं. नवं नाणं पाडताना चांदी डायच्या आत बाहेरच्या बाजूला वाहते आणि सूक्ष्म रेषा सोडते. नाणं कलवलं की बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे प्रकाशाचे पट्टे फिरतात ते या रेषांमुळे. टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, सिल्व्हर पॉलिश या रेषा कापतात आणि त्यांच्या जागी सगळीकडे केसासारखे बारीक ओरखडे पाडतात. नाणं चमकतं, पण मेल्यासारखं.

ॲल्युमिनियमची फॉइल, सोडा आणि गरम पाणी ही युक्तीही टाळा. घासणं नसलं तरी थर ओबडधोबड निघतो. बाजारात मिळणारं डिप, म्हणजे नाणं बुडवून साफ करायचं द्रावण, हे थायोयुरिया आणि आम्ल. जाणकार ते काही सेकंद वापरतात. मी सुरुवातीच्या वर्षांत एका १८८० एसला ‘अजून थोडं’ म्हणून जास्त वेळ ठेवलं. त्यावर कडेने निळा आणि मध्ये सोनेरी असा नैसर्गिक रंग होता. बाहेर आलं ते पांढुरकं, निस्तेज. तो रंग परत येत नाही. त्या दिवसानंतर मी घरी डिप ठेवलं नाही. नाहीतरी काळपट पण मूळ पृष्ठभागाच्या नाण्याला संग्राहक चकचकीत केलेल्यापेक्षा जास्त मान देतात. पीसीजीएस किंवा एनजीसीला घासलेलं नाणं ओळखू आलं तर त्यावर ‘क्लीन्ड’ असा शेरा येतो आणि साधी श्रेणी मिळत नाही. काही वर्षांपूर्वी एकाने माझ्याकडे ओ खाली सीसी आणलं, व्हरायटी अगदी बरोबर, पण आधीच्या मालकाने पॉलिश केलेलं. शेरा आला, किंमत अर्ध्याहून खाली गेली.

म्हणून काळी नाणी तशीच ठेवा. हिरवट-चिकट दोन मात्र थांबू शकत नाहीत. मऊ पाकिटं पीव्हीसीची असतात. काळाने त्यातला तेलकट भाग सुटतो, हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं आणि चांदी-तांब्याला खायला लागतं. यावर उपाय शुद्ध ॲसिटोन. नेलपॉलिश काढायचं नव्हे, त्यात सुगंध आणि तेल असतं. हार्डवेअर दुकानात १०० टक्के ॲसिटोनचा डबा मिळतो. ते चांदीला किंवा काळ्या थराला हात लावत नाही, फक्त पीव्हीसीचा चिकटा आणि बोटांचं तेल विरघळवतं.

आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. काम घराबाहेर किंवा खिडक्या सताड उघड्या ठेवून करा. जवळ शेगडी, उदबत्ती, देवाचा दिवा काहीही पेटलेलं नको, ॲसिटोन झटकन पेट घेतं. भांडं काचेचं घ्या, साधं प्लास्टिक विरघळतं. हाताला ॲसिटोन लागू नये म्हणून लाकडी चिमटा वापरा. एका वाटीत एकच नाणं. दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, काढून ताज्या ॲसिटोनच्या दुसऱ्या वाटीत, मग तिसऱ्या. हिरवा चिकटा राहिला तर पुन्हा ताजं घ्या आणि जास्त वेळ ठेवा, रात्रभर ठेवायचं तर वर काचेचं झाकण हवं. कापूस फिरवायचा मोह आवरा. शेवटी काढलं की काही सेकंदांत आपोआप वाळतं, पुसावं लागत नाही. माती किंवा मीठ चिकटलेलं असेल तर ॲसिटोनच्या आधी डिस्टिल्ड पाण्यात भिजवा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते नको. हिरवा थर गेल्यावर खाली बारीक खड्डे दिसले तर ते आम्लाने खाल्लेलं आहे, ते भरून येत नाही. ॲसिटोनने भागलं नाही तर घरी पुढे जाऊ नका, एनजीसीचा संवर्धन विभाग असं काम करतो.

टूथपेस्ट लावलेलं १८८१ एसही याच पद्धतीने डिस्टिल्ड पाणी आणि मग ॲसिटोनमधून काढा. अक्षरांच्या कोपऱ्यांत पांढरी पेस्ट बसली असेल तर ती पुढे डाग सोडते. ओरखडे आता जाणार नाहीत. नणंदेला बोल लावू नका, १८८१ एस भरपूर मिळतं आणि त्यात २४ ग्रॅम शुद्ध चांदी आहेच.

ठेवताना मऊ पाकिटं फेकून द्या आणि मायलार या पीव्हीसी नसलेल्या प्लास्टिकची पाकिटं किंवा नाण्यांसाठीच्या कडक प्लास्टिकची कुपी घ्या. रबरबँड, लोकर आणि साधा कागद यांतून गंधक येतं, तो बिस्किटांचा डबा वापरायचाच तर आत यातलं काही नको, सिलिका जेलची पुडी चालेल. ह्यूस्टनसारख्या दमट हवेत ती दर काही महिन्यांनी बदला.

आज रात्री एवढंच करा: १८७८ घ्या, एक दिवा, एक भिंग. शेपटीची पिसं मोजा, सात भरली तर त्यांच्या टोकांखाली बघा आणि नाणं कलवताना दिवा डाव्या बाजूला ठेवून शेपटीचा जवळून फोटो काढा. फ्लॅश बंद ठेवा, फ्लॅशमध्ये ती टोकं सपाट होतात. फोटो पाठवलात की ठळक प्रकार की अस्पष्ट, आणि व्हॅमचा क्रमांक कुठला असू शकतो, ते मी बघून सांगतो.